घरांतील दिवा आणि उजेडाचा हिशेब

बी-बियाणें, खत, पाणी आणि बाजारभाव ह्या विषयांवर ह्या मासिकांत नेहमींच लिहून येतें. त्या मानानें घरांतील दिवा हा विषय वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु वर्षाच्या ३६५ रात्रीं ज्या एका वस्तूवर घरांत खर्च पडतो ती वस्तु दिवा होय, आणि ज्या खर्चाचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं तो खर्चहि दिव्याचाच. आम्हीं आपलें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत घालविलें. मागणी किती, वसूल किती, बाकी किती, हें पाहिल्यावांचून कागद पुढें सरकवूं नये ही त्या कामाची शिस्त. तीच शिस्त दिव्यास लावली असतां काय दिसतें तें आज आम्ही वाचक बंधूंपुढें मांडणार आहों.

दिवा घेणारा मनुष्य वस्तुतः उजेड विकत घेत असतो. पण पैसे मोजतो ते तेलाचे किंवा विजेचे. तेल अथवा वीज दिव्यांत गेली म्हणजे तिचा मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो आणि उरलेला अंश काय तो उजेड होतो. ही तूट कमी करीत आणणें हाच गेल्या सुमारें अडीचशें वर्षांतील दिव्याच्या सुधारणेचा सारा इतिहास आहे. तूट मोजावयास दोन मापें पुरतात. वीज किती वेगानें खर्च होते तें वॅटमध्यें मोजतात. १,००० वॅटचा दिवा एक तास जळला म्हणजे मीटरवर एक युनिट चढतें. उजेड किती पडला तें ल्यूमेनमध्यें मोजतात. एका साध्या मेणबत्तीचा सर्व बाजूंस पडणारा उजेड सुमारें १२ ल्यूमेन धरावा. वॅट ही खर्चाची बाजू, ल्यूमेन ही जमेची. एकरीं किती क्विंटल पिकलें ह्यावरून आपण शेताची प्रत ठरवितों, त्याचप्रमाणें एका वॅटमागें किती ल्यूमेन मिळाले ह्यावरून दिव्याची प्रत ठरवावी. पुष्कळ जण अद्यापि "साठचा बल्ब", "चाळीसची ट्यूब" असें म्हणून वॅटवरूनच उजेडाचा अंदाज करतात. हें म्हणजे पेरलेल्या बियाण्याच्या वजनावरून खळ्यांत रास किती पडेल तें सांगण्यासारखें झालें.

तेलाच्या दिव्यापासून आरंभ करूं. पणती असो, समई असो कीं घासलेटची चिमणी असो, ज्योतीचा पिवळा उजेड हा ज्योतींत तापून रसरसलेल्या काजळीच्या सूक्ष्म कणांचा असतो. हवा अपुरी मिळाली तर हे कण न जळतां धूर होऊन वर जातात. मग दिवा उजेडहि देत नाहीं आणि आढें मात्र काळें करतो. स्वित्झर्लंडमधील आर्गां नांवाच्या गृहस्थानें १७८० च्या सुमारास पोकळ, गोल वात केली, तिला आंतून व बाहेरून हवा मिळेल अशी योजना केली आणि ज्योतीवर कांचेची नळी बसविली. नळींतून तापलेली हवा वर चढते, खालून ताजी हवा आंत ओढली जाते, आणि ज्योत स्थिर व पांढरी होते. आपल्या कंदिलाची कांच ही त्याच युक्तीची वंशज होय. पुढें १८५३ सालीं लुकासिएविच ह्या पोलिश औषधविक्रेत्यानें खनिज तेलापासून काढलेलें घासलेट जाळणारा दिवा तयार केला, व त्याच वर्षीं ल्व्होव्ह शहरांतील रुग्णालयांत तो लागला. घासलेटनें बियांच्या व चरबीच्या तेलांस दिव्यांतून हळूहळू बाहेर घालविलें.

आतां कंदिलाचा हिशेब पाहा. एक लिटर घासलेटमध्यें जी उष्णता सांठविलेली असते ती सुमारें १० युनिटें विजेइतकी असते. कंदील तासाला २५ मिलिलिटर तेल पितो असें धरलें तर लिटरभर तेल ४० तास पुरतें, म्हणजे तासाला पाव युनिट. दुसऱ्या शब्दांत, कंदील हा २५० वॅटचा दिवा झाला! त्याच्या मोबदल्यांत उजेड मिळतो तो ५० ल्यूमेनच्या आसपास, म्हणजे चार मेणबत्त्यांइतका. एका वॅटमागें एक-पंचमांश ल्यूमेन. कांच काजळलेली असली किंवा वात वांकडी कापलेली असली तर तेवढाहि नाहीं, आणि बिनकांचेच्या चिमणीची तर गोष्टच नको. रेशनच्या रांगेंत डबा घेऊन उभें राहून आणलेलें तेल अशा रीतीनें जळे, आणि त्यांतील हजारांत एक भागहि उजेडाच्या कामीं येत नसे. ह्याखेरीज धूर निराळा. चिमणीजवळ डोकें खुपसून अभ्यास करणाऱ्या मुलाच्या नाकांत सकाळीं काजळी सांपडे, हें आमच्या पिढीच्या वाचकांस सांगावयास नको. चिमणी कलंडून लागलेल्या आगीची हकीकत तर फार थोड्या गांवांत नसेल.

ह्या तेलाकडूनच अधिक उजेड काढण्याची एक युक्ति मध्यंतरीं निघाली. ऑस्ट्रियांतील आउअर ह्या रसायनज्ञानें १८८५ सालीं असें दाखविलें कीं, दुर्मिळ धातूंच्या क्षारांत भिजविलेली सुती जाळी ज्योतींत धरली असतां सूत जळून जातें, मागें राखेची जाळी राहते आणि ती ज्योतीहून किती तरी पट प्रखर तेजानें तळपते. पुढें ९९ भाग थोरियम व १ भाग सेरियम हें प्रमाण कायम ठरलें. बर्लिनच्या माक्स ग्रेट्झ ह्यानें १९१० च्या सुमारास घासलेटची वाफ दाबाखालीं जाळून हीच जाळी तापविणारी बत्ती काढली. तीच आपली पेट्रोमॅक्स. लग्नाच्या वरातींत डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या माणसांची रांग ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तिचा उजेड आठवेल. परंतु पंप मारणें, जाळी जपणें आणि सतत फुसफुसणारा आवाज सोसणें, हें रोजच्या घरगुती वापरास न परवडणारें. शिवाय तेलहि कंदिलाहून अधिक लागे.

विजेच्या बल्बाचें नांव निघालें कीं एडिसनचें नांव निघतें, आणि तें योग्यच आहे. परंतु इंग्लंडांत स्वान ह्यानेंहि त्याच १८७९ सालीं कार्बनच्या तंतूचा दिवा लावून दाखविला होता. हे पहिले बल्ब एका वॅटमागें दीड-दोन ल्यूमेन देत. तंतु जितका अधिक तापवावा तितका उजेडाचा वांटा वाढतो, पण कार्बन फार तापविला तर तो लौकर झिजून तुटतो. सबब अधिक उष्णता सोसणारी धातु शोधणें प्राप्त झालें. ती टंगस्टन. ही धातु फार ठिसूळ. तिची बारीक तार ओढण्याची रीत अमेरिकेंतील कूलिज ह्यास १९१० च्या सुमारास साधली. १९१३ सालीं लँगम्यूर ह्यानें तारेचें वेटोळें करून बल्बांत निष्क्रिय वायु भरला, आणि त्यायोगें तार अधिक तापवितां येऊं लागली. ह्यानंतर ह्या बल्बांत फारशी सुधारणा झाली नाहीं. आपल्याकडील ६० वॅटचा साधा बल्ब सुमारें ७०० ल्यूमेन देतो, म्हणजे वॅटमागें १२. कंदिलाच्या मानानें ही साठपट प्रगति खरी; तथापि शंभर भाग विजेंतील पांचाच्या आसपास भाग उजेड होतात आणि बाकीच्यांची उष्णता होते. हिंवाळ्यांत कोंबडीच्या पिलांना ऊब देण्यासाठीं हाच बल्ब टांगतात, ह्यांत त्याच्या स्वभावाची खरी ओळख पटते.

बल्बाच्या आयुष्याबद्दल एक गोष्ट जातां जातां सांगून ठेवतों. १९२४ सालीं जगांतील प्रमुख बल्ब-कारखानदारांनीं जिनीव्हा येथें संगनमत करून बल्बाचें आयुष्य १,००० तासांवर आणण्याचें ठरविलें, आणि ज्याचे बल्ब त्याहून अधिक टिकतील त्याला दंड ठेवला. ग्राहकाच्या दृष्टीनें हा व्यवहार निंद्यच. तरी त्याची एक दुसरी बाजू आहे. तार कमी तापविली तर बल्ब पुष्कळ वर्षें टिकतो, पण उजेड पिवळट पडतो व वॅटमागील ल्यूमेन घटतात. म्हणून वीस वर्षें टिकलेल्या बल्बाचें कौतुक करणाऱ्यानें त्या वीस वर्षांत त्यानें किती वीज खाल्ली हेंहि पाहावें.

खेड्यांतील विजेच्या दाबामुळें ह्या बल्बाची आणखी एक खोड उघडी पडते. दाब २३० व्होल्ट असावा असा करार. परंतु पंप सुरू झाले कीं तो १८० पर्यंत उतरतो हें आपण पाहतों. १८० व्होल्टवर ह्या बल्बाचा उजेड निम्म्याहूनहि कमी होतो, पण वीज मात्र दोन-तृतीयांश घेतलीच जाते. म्हणजे दाब उतरला कीं वसूल अर्ध्याखालीं आणि खर्च तितकासा कमी नाहीं. उलटपक्षीं रात्रीं उशिरां पंप बंद होऊन दाब चढला तर तार अतिशय तापते. पांच टक्के जादा दाबानें बल्बाचें आयुष्य जवळजवळ अर्धें होतें. पहांटे उठून बटण दाबतांच बल्ब उडाल्याचा अनुभव वाचकांपैकीं पुष्कळांस असेल.

आतां ज्या एका बाबीकडे सर्वांनीं मुद्दाम लक्ष द्यावें ती सांगतों. रात्रीं निजतांना लावावयाचा लहान बल्ब, ज्यास आपण सर्व "झिरोचा बल्ब" म्हणतों, तो शून्य वॅटचा नसतो. तारेचा तसला बल्ब १२ ते १५ वॅट घेतो. पूर्वीच्या फिरत्या चकतीच्या मीटरांत इतका लहान खर्च चकतीस नीट फिरवीत नसे, म्हणून त्याचें नांव शून्य पडलें असें सांगतात. हल्लींचीं इलेक्ट्रॉनिक मीटरें मात्र त्याची पुरी नोंद घेतात. १५ वॅटचा बल्ब रोज दहा तास जळला तर दिवसास १५० वॅट-तास, महिन्यास साडेचार युनिटें आणि वर्षास सुमारें ५५ युनिटें. सगळी खोली उजळणारा ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज पांच तास लावला तर वर्षास साडेसोळा युनिटांच्या आंतच भागतें. म्हणजे ज्यास आपण शून्य म्हणतों तो मोठ्या दिव्याच्या तिपटीहून अधिक वीज खातो! पीकपाहणींत ज्या गटास पड म्हणून नोंद आहे त्याच गटांत उभा ऊस सांपडावा, तसा हा प्रकार. देव्हाऱ्यावरचा लाल बल्ब, ओसरीवरचा हिरवा बल्ब, बाळंतिणीच्या खोलींतला निळा बल्ब, हे सर्व ह्याच जातीचे. युनिटचा दर ८ रुपये धरला तर एका "शून्या"चे वर्षाला ४४० रुपये होतात. प्रत्येकानें आपल्या बिलावरील दर घालून हा आंकडा स्वतः काढावा. अर्ध्या वॅटचा एलईडी रात्रदिवा हेंच काम वर्षाला दोन युनिटांच्या आंत करतो. देवापुढील तेलाची समई हा श्रद्धेचा विषय आहे, तिचा हिशेब आम्ही मागत नाहीं.

बल्बाच्या पुढची पायरी ट्यूबलाइट. १९३८ सालीं ती अमेरिकेंत विक्रीस आली. तिच्यांत तार तापवून उजेड काढीत नाहींत. नळींत पाऱ्याची अल्प वाफ असते. तिच्यांतून वीज गेली म्हणजे डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण निघतात, आणि कांचेच्या आंतून दिलेला पांढरा लेप त्या किरणांचें दृश्य उजेडांत रूपांतर करतो. चार फुटांची ४० वॅटची जाड नळी सुमारें २,४०० ल्यूमेन देते. परंतु ह्यांत एक छुपा खर्च आहे, तो चोकचा. जुना तांब्याच्या वेटोळ्याचा जड चोक स्वतः १२ ते १५ वॅट घेऊन तापतो. म्हणजे चाळीसची ट्यूब मीटरवर पंचावन्नच्या जवळ जाते. पुढें नळ्या बारीक होत गेल्या, ३६ वॅटच्या व मग इलेक्ट्रॉनिक चोकवर चालणाऱ्या २८ वॅटच्या आल्या, आणि ही तूट बरीच भरून निघाली. दाब उतरला कीं साधी ट्यूब नुसती फडफडत राही व स्टार्टर फिरवितां फिरवितां घरांतील मुलें कंटाळत, हेंहि खेड्यांतील लोकांस पूर्ण परिचित आहे.

१९७३ सालच्या जागतिक तेलटंचाईनंतर वीज वांचविण्याची निकड सर्वत्र भासूं लागली. ट्यूबच वळवून लहान केली आणि बल्बाच्या होल्डरांत बसविली तर, अशी कल्पना निघाली. अमेरिकेंत हॅमर ह्यानें १९७६ सालीं मळसूत्रासारखी वळविलेली नळी केली. १९८० सालीं फिलिप्स कंपनीनें आपल्या पद्धतीचा असा दिवा बाजारांत आणला. हाच सीएफएल. आपल्या देशांत २००९ सालीं केंद्र सरकारनें बचत लँप योजना काढून जुना बल्ब घेऊन १५ रुपयांत सीएफएल देण्याची व्यवस्था केली. वॅटमागें ५० ते ६० ल्यूमेन, म्हणजे जुन्या बल्बाच्या चौपट-पांचपट हिशेब जमला. दोष इतकाच कीं आंत पारा. प्रमाण अगदीं थोडें, कांहीं मिलिग्राम. तरी असला दिवा फुटला तर खोलीचीं दारें-खिडक्या उघडून मुलांस बाहेर काढावें, तुकडे हातानें वा झाडूनें न गोळा करतां जाड कागदानें उचलावे आणि डब्यांत बंद करावे. जुन्या ट्यूब गोठ्याच्या मागें फोडून शेणखतांत मिसळूं देण्याची पद्धत कांहीं ठिकाणीं आमच्या पाहण्यांत आली आहे. ती अत्यंत वाईट.

एलईडीची कथा ह्या सर्वांहून निराळी. एका विशिष्ट घन पदार्थाच्या दोन निरनिराळ्या थरांच्या सांध्यांतून वीज गेली असतां सांध्यावरच उजेड पडतो. तार तापवावी लागत नाहीं कीं वाफ पेटवावी लागत नाहीं. १९६२ सालीं अमेरिकेंत होलोन्याक ह्यानें तांबडा एलईडी केला. पण तांबड्या ठिपक्यानें रेडिओवरील खूण होईल, घर उजळणार नाहीं. पांढऱ्या उजेडास निळा रंग अवश्य पाहिजे, आणि निळा एलईडी तीस वर्षें कोणास नीट साधेना. जपानांतील आकासाकी व आमानो ह्या गुरुशिष्यांनीं नागोया येथें, आणि नाकामुरा ह्यानें निचिया नांवाच्या कंपनींत, गॅलियम नायट्राइडचे स्फटिक वाढविण्याची चिकाटी धरली. हा पदार्थ हाताळण्यास अवघड म्हणून पुष्कळ संशोधकांनीं सोडून दिला होता. १९९३ सालीं तेजस्वी निळा एलईडी बाजारांत आला. त्यावर पिवळा लेप देऊन निळा व पिवळा मिळून पांढरा उजेड करण्याची रीत त्यानंतर तीन वर्षांत निघाली. तिघांस २०१४ सालचें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आज बाजारांतील साधा चांगला एलईडी बल्ब वॅटमागें १०० ल्यूमेन देतो. कंदिलाची वॅटमागें एक-पंचमांश ही जमा आठवावी. हें पीक पांचशें पट झालें.

वस्तु चांगली असली तरी महाग असेल तर खेड्यांत येत नाहीं. एलईडीचें तसेंच होतें. सरकारी कंपनीच्या घाऊक खरेदींत २०१४ च्या आरंभीं एका बल्बास ३१० रुपये पडत. ५ जानेवारी २०१५ रोजीं जी योजना सुरू झाली व पुढें उजाला ह्या नांवानें ओळखली गेली, तिच्यांत कोट्यवधि बल्बांची मागणी एकदम निविदा काढून नोंदविली गेली आणि कारखानदारांत चढाओढ लागली. २०१६ मध्यें हाच खरेदीदर ३८ रुपयांवर आला. ह्या योजनेंत देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. अनुदान न देतां नुसत्या एकत्र मागणीच्या बळावर भाव उतरविल्याचें हें उदाहरण खतें व औजारें सामुदायिक रीतीनें घेऊं पाहणाऱ्या आमच्या सभासदांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें.

आतां प्रत्यक्ष हिशेब. ६० वॅटचा बल्ब रोज पांच तास लावला तर वर्षाला सुमारें ११० युनिटें, ८ रुपये दरानें ८७६ रुपये; शिवाय १,००० तासांच्या आयुष्यानें वर्षाला दोन बल्ब लागतात तें निराळें. त्याहून कांहींसा अधिकच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी वर्षाला १३१ रुपयांची वीज घेतो. फरक ७४५ रुपयांचा. गोठ्यांत, विहिरीवर, चाऱ्याच्या खोलींत जुने बल्ब "चालत आहेत तोंवर चालूं द्या" म्हणून ठेवण्याची जी पद्धत आहे ती ह्या आंकड्यापुढें टिकत नाहीं. चालता बल्ब काढून टाकणें हें नुकसान वाटतें. परंतु भाकड जनावर दावणीला ठेवून वैरण घालण्याचा खर्च आपण जाणतोंच.

मात्र बाजारांतील प्रत्येक एलईडी चांगला नाहीं, आणि येथें शेतकऱ्याची फसगत होते. आठवड्याच्या बाजारांत गाडीवर ढीग लावून विकले जाणारे बिननांवाचे बल्ब खोक्यावर ९ वॅट सांगतात, पण किती ल्यूमेन तें सांगत नाहींत. खोक्यावर चार गोष्टी पाहाव्या. ल्यूमेनचा आंकडा, भारतीय मानक ब्यूरोची मुद्रा व तिच्याखालील आर अक्षरानें सुरू होणारा नोंदणी क्रमांक, किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत दिवा चालेल तो पल्ला, आणि लेखी हमी. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारकांची चिठ्ठी असेल तर अधिक तारका ते अधिक ल्यूमेन इतकें समजावें. दुकानांतच बल्ब लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून पाहावा. पडद्यावर काळे पट्टे जोरानें सरकतांना दिसले तर उजेड सारखा लुकलुकत आहे, आणि असला दिवा मुलांच्या अभ्यासास व शिवणकामास नको.

पल्ल्याचा मुद्दा खेड्यांत सर्वांत महत्त्वाचा. एलईडीचे कण सहसा मरत नाहींत. मरतो तो बुडाशीं बसविलेला, विजेचा दाब आवरणारा लहानसा संच, ज्यास ड्रायव्हर म्हणतात. चांगला ड्रायव्हर १८० व्होल्टवरहि पुरा उजेड देतो आणि जादा दाबहि कांहीं मर्यादेपर्यंत सोसतो; हलका ड्रायव्हर दोन्हींकडून हरतो. खोक्यावर २५,००० तास लिहिलेलें असतें त्याचा अर्थ इतकाच कीं तेवढ्या अवधींत उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईल. तोंवर ड्रायव्हर जगेल असा तो करार नव्हे. उष्णता ही ड्रायव्हरची मुख्य वैरी. बंद कांचेच्या हंडींत, पत्र्याच्या छतास चिकटून अथवा चुलीच्या वर एलईडी लावूं नये.

आमच्या माहितींतील एका वस्तीवर रोहित्राजवळ न्यूट्रलची तार तुटली आणि एका रात्रींत दहा-बारा घरांतील दिवे, पंखे व दोन टीव्ही जळून गेले. असें कां होतें? तिन्ही फेजांस समतोल राखणारी तार गेली कीं एका घरावर दाब फार उतरतो आणि दुसऱ्यावर तो ४०० व्होल्टच्या दिशेनें चढतो. घरांतील कांहीं दिवे एकदम मंद व शेजाऱ्याचे एकदम प्रखर दिसले तर तेंच लक्षण समजून तत्काळ मेन स्विच बंद करावा आणि वायरमनला कळवावें. दिव्याचा खर्च फार नाहीं, पण त्याच तारेवर पाण्याची मोटर व शीतकपाटहि असतें. दुसरी एक गोष्ट: बटण बंद केल्यावरहि एलईडी रात्रभर मिणमिणत असेल तर बहुधा बटण फेजच्या तारेंत नसून न्यूट्रलच्या तारेंत बसविलें आहे. जुन्या बल्बांत हा दोष लपून राहत असे. बटण बंद आहे म्हणून ओल्या हातानें होल्डरांत बल्ब बसविणारास त्यांत जिवाचा धोका आहे. सबब तो दोष परवानाधारक वायरमनकडून लगेच काढवून घ्यावा.

गोठ्यांत मूत्राची वाफ, धूळ व भुसा ह्यांमुळें होल्डरचें पितळ हिरवें पडतें. तेथें पाणी व धूळ आंत न जाणारा, स्वतःचा धातूचा पाठीमागचा भाग असलेला तयार एलईडी दिवाच घ्यावा. साधा बल्ब प्लास्टिकच्या पिशवींत बांधून टांगण्याचा उपाय करूं नये. जेथें वीज वेळीं-अवेळीं जाते तेथें सूर्यशक्तीवर चालणारा दिवा आतां परवडतो तोहि एलईडीमुळेंच. १२ व्होल्ट ७ अँपियर-तासांच्या लहान बॅटरींत ८४ वॅट-तास मावतात. शिशाची बॅटरी टिकावी म्हणून त्यांतील निम्मेच वापरावे. त्यावर ९ वॅटचा दिवा साडेचार तास चालतो. ६० वॅटचा बल्ब पाऊण तासहि चालता ना.

उजेडाच्या रंगाबद्दल थोडें. खोक्यावर २,७०० असेल तर उजेड पिवळसर, ६,५०० असेल तर निळसर पांढरा. निजावयाच्या खोलींत पिवळसर बरा. डाळिंब, टोमॅटो, मिरची ह्यांची रात्रीं प्रतवारी करणाऱ्यांनीं रंग खरे दाखविण्याचा आंकडा ८० किंवा अधिक असलेला दिवा घ्यावा. स्वस्त दिव्याखालीं पिकलें-कच्चें ह्याचा फरक ओळखतां येत नाहीं आणि दुसऱ्या दिवशीं बाजारांत प्रत उतरते. पावसाळ्यांत ओसरीवर पाखरें फार जमत असतील तर पांढरा काढून पिवळसर लावावा; निळा व अतिनील अंश जितका कमी तितकीं पाखरें कमी येतात.

उजेड स्वस्त झाल्यापासून अंगणांत, बांधावर, फाटकावर मोठमोठे फ्लड दिवे रात्रभर जळतांना दिसूं लागले आहेत. पन्नास वॅटचा एक दिवा बारा तास जळाला तर महिन्यास १८ युनिटें होतात, ही वाचलेल्या विजेची परतफेडच झाली. सोयाबीन लावणारांनीं तर ह्याबाबत अधिक जपावें. हें पीक रात्र किती लांब आहे ह्यावरून फुलावयाचें कीं नाहीं तें ठरवितें. रात्रभर दिव्याचा झोत ज्या ओळींवर पडतो त्या ओळी शेजारच्या ओळी पिवळ्या पडून पानगळ झाली तरी हिरव्याच राहतात, शेंगा उशिरां धरतात आणि मळणीच्या वेळीं ओल्या निघतात. शेवंती लावणारे बागाईतदार ह्याच गुणाचा उपयोग करून रात्रीं दिवे लावतात व फूल पुढें ढकलतात. तेथें तो उपाय आहे, सोयाबिनांत तो अपाय होतो. अशा दिव्यास पत्र्याची टोपी करून झोत खालीं अंगणांत वळवावा, अथवा माणूस आला कीं लागणारा व दोन मिनिटांनीं विझणारा सेन्सरचा दिवा बसवावा. तो तालुक्याच्या गांवीं विजेच्या सामानाच्या दुकानांत मिळतो, आणि फाटकावर कुत्रें भुंकण्याआधीं उजेड पडतो.